पेशींच्या वारशाची अभ्यासक : डॉ. कमल रणदिवे

वाशीच्या सेक्टर १०-अ मध्ये इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनची वास्तू आहे. नोकरी करणाऱ्या महिलांचे वसतिगृह आणि पाळणाघर यांमुळे ती परिसरात परिचित आहे. तेथून काही अंतरावर, खारघरच्या डोंगरपायथ्याशी, टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र सुमारे ६० एकरांवर पसरलेले आहे. अ‍ॅक्ट्रेक या संक्षिप्त नावानेच ते सर्वत्र ओळखले जाते. एका ठिकाणी लहान मुलांचा गलबला, तर दुसऱ्या ठिकाणी प्रयोगशाळेतील शांतता. या दोन संस्थांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे वरकरणी वाटत नाही. परंतु दोहोंच्या इतिहासात एक नाव समान आहे, ते म्हणजे डॉ. कमल रणदिवे यांचे.

सजीवांची पेशी विभागली जाताना आपल्याजवळचा आनुवंशिक ठेवा पुढच्या पेशींच्या हाती कसा देते, आणि या व्यवहारात बिघाड झाला तर त्याचे परिणाम काय होतात, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. सीताफळाच्या कळीपासून सुरू झालेला हा अभ्यास पुढे कर्करोगापर्यंत पोहोचला. भारतात कर्करोगाचे प्रायोगिक संशोधन रुजविणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांचे स्थान वरचे आहे.

कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील जीवशास्त्राचे जाणकार होते आणि फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत. आपल्या सर्व मुलांना, विशेषतः मुलींना, उत्तम शिक्षण मिळावे याबद्दल ते आग्रही होते. मुलींच्या शिक्षणासाठी पुण्यात नावाजलेल्या हुजूरपागेत कमल यांचे शालेय शिक्षण झाले. कन्येने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र वेगळी वाट धरली. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाल्या. १९३९ च्या मे महिन्यात त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला. विवाहानंतर मुलीचे शिक्षण थांबणे ही त्या काळातील सर्वसाधारण रीत होती. येथे उलट घडले. पेशीविज्ञान हा कमलताईंचा पदवीचा मुख्य विषय नव्हता. तरीही पदव्युत्तर अभ्यासासाठी त्यांनी तोच निवडला आणि त्यात त्यांना पतीचे साहाय्य लाभले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात अभ्यास करून १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळविली. सीताफळ, रामफळ ज्या कुळात येतात, त्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

गुणसूत्रांचा अभ्यास म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी पेशीच्या विभाजनाची रीत थोडक्यात पाहावयास हवी. प्रत्येक सजीव पेशीच्या केंद्रकात धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. सीताफळाच्या साध्या पेशीत ती १४, तर माणसाच्या पेशीत ४६ असतात. एरवी हे धागे इतके विरळ पसरलेले असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकातून ते सुटे दिसत नाहीत. विभाजनाची वेळ जवळ आली, की पेशी प्रथम आपल्या संपूर्ण आनुवंशिक द्रव्याची प्रत काढते. मग प्रत्येक गुणसूत्र आखूड व जाड होते आणि मध्ये जोडलेल्या दोन समान पट्ट्यांसारखे दिसू लागते. सारी गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी रांगेत येतात. दोन्ही टोकांकडून निघालेले सूक्ष्म तंतू त्यांना पकडतात आणि प्रत्येक जोडीतील एक पट्टी एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला ओढून नेतात. दोन्ही टोकांना नवी केंद्रके तयार होतात, मधला भाग विभागला जातो आणि एका पेशीच्या दोन पेशी होतात. दोहोंकडे मूळ पेशीइतकाच, तसाच ठेवा असतो. यास सूत्री विभाजन म्हणतात. जखम भरते, केस वाढतात, एका फलित बीजापासून अवघे शरीर घडते ते याच रीतीने.

फुलातील परागकण आणि बीजांड तयार होताना मात्र हिशोब बदलतो. तेथे प्रत एकदाच काढली जाते, परंतु विभाजन दोनदा होते. परिणामी सीताफळाच्या परागकणात १४ ऐवजी ७ गुणसूत्रे येतात आणि बीजांडातही ७. त्यांचा संयोग झाला, की बीमध्ये पुन्हा १४ ची संख्या भरून निघते. हे अर्धगुणसूत्री विभाजन होय. ते होताना आई व बाप यांच्याकडून आलेल्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात. म्हणूनच एकाच झाडाच्या बियांपासून उगवलेली रोपेही तंतोतंत सारखी नसतात. हा सारा व्यापार पाहण्यासाठी अभ्यासकाला कोवळी कळी नेमक्या वेळी खुडावी लागते, तिच्यातील परागकोश द्रावणात स्थिर करून रंगवावे लागतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे एकेक करून मोजावी लागतात. कळी थोडी आधी खुडली तर विभाजन सुरू झालेले नसते. थोडी उशिरा खुडली तर ते संपून गेलेले असते. चिकाटीची आणि डोळ्यांची कसोटी पाहणारे हे काम कमलताईंनी आत्मसात केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी पेशीविभाजनाचे सविस्तर वर्णन १८८२ साली प्रसिद्ध केले होते. तथापि गुणसूत्रांतील नेमके कोणते द्रव्य आनुवंशिक गुण वाहून नेते, हे कमलताई एम.एस्सी. झाल्या तेव्हा प्रस्थापित झालेले नव्हते. ते द्रव्य म्हणजे डीएनए, याचा भक्कम पुरावा अमेरिकेत ओस्वाल्ड एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली दिला आणि त्याची दुहेरी सर्पिल रचना १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी मांडली. म्हणजेच कमलताईंची पिढी वारशाची वाटणी डोळ्यांनी पाहत होती; वाटला जाणारा ऐवज मात्र अद्याप ओळखला जावयाचा होता.

विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते. भारतातील विकृतिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते. रोग्यावर उपचार करणे जितके महत्त्वाचे, तितकेच रोगाचे मूळ शोधणेही महत्त्वाचे, ही त्यांची धारणा होती. वनस्पतींच्या पेशींवर काम केलेल्या या तरुण संशोधिकेला त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत संधी दिली. रुग्णालयात काम करीत असतानाच कमलताईंनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. पदवी संपादन केली.

सीताफळाच्या कळीपासून कर्करोगापर्यंतचा हा पल्ला वाटतो तितका लांबचा नव्हता. कर्करोग हा मुळात पेशीविभाजनाचाच रोग आहे. निरोगी शरीरात पेशीने कधी विभागावे आणि कधी थांबावे, यावर कडक नियंत्रण असते. आनुवंशिक द्रव्याची प्रत नीट निघाली आहे काय, गुणसूत्रे रांगेत आली आहेत काय, याची पेशी स्वतःच तपासणी करते. चूक दुरुस्त होण्यासारखी नसेल तर अशी पेशी बहुधा नष्ट होते. मात्र नियंत्रण करणाऱ्या जनुकांतच दोष निर्माण झाला, तर पेशी थांबेनाशी होते. ती विभागली जाताना आपला दोषही निष्ठेने पुढच्या पेशींना देत राहते. ज्या यंत्रणेमुळे शरीर टिकते, तीच यंत्रणा अशा वेळी रोगाचा प्रसार करू लागते. गुणसूत्रांतील बिघाड हे कर्करोगाचे मूळ असावे, असा तर्क थिओडोर बोव्हेरी या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १९१४ सालीच मांडला होता. त्याचा पडताळा घ्यावयाचा तर माणसाच्या व प्राण्यांच्या जिवंत पेशी विभागताना पाहणे आवश्यक होते. आणि जिवंत पेशी शरीराबाहेर फार काळ टिकत नसत.

हे तंत्र शिकण्यासाठी खानोलकरांनी कमलताईंना अमेरिकेत जाण्यास उत्तेजन दिले. पीएच.डी.नंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. शरीरातील पेशी काचनळीत वाढविण्याच्या, म्हणजेच ऊतिसंवर्धनाच्या तंत्रात गाय हे अग्रेसर मानले जात. पेशींना सतत पोषक द्रव व हवा मिळावी म्हणून संथपणे फिरणाऱ्या पिंपात नळ्या बसविण्याची युक्ती त्यांनी योजिली होती. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी वाढविण्यात आल्या. साधारण दिवसाकाठी दुप्पट होणाऱ्या या पेशी हेला नावाने जगभर पोहोचल्या आणि पोलिओच्या लसीच्या चाचणीसह असंख्य संशोधनांना उपयोगी पडल्या. त्या पेशी संशोधनासाठी घेताना या स्त्रीची अनुमती घेतली गेली नव्हती, हेही विज्ञानाच्या इतिहासाला विसरता येत नाही.

अमेरिकेतून परतल्यावर कमलताई परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुजू झाल्या. १९५२ साली स्थापन झालेल्या या केंद्राचे शिल्पकारही खानोलकरच होते. तेथे प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारण्यात कमलताईंचा प्रमुख वाटा होता. ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा ही देशातील त्या प्रकारची पहिली मानली जाते. आज एखाद्या कंपनीकडून तयार बाटली मागवून जे काम सुरू होते, त्यासाठी त्या काळी सारे काही हाताने करावे लागे. काचसामान पुनःपुन्हा धुऊन निर्जंतुक करावयाचे, पेशींना लागणारे क्षार, शर्करा, प्रथिनांचे घटक अचूक प्रमाणात मिसळावयाचे, रक्तद्रव तयार करावयाचा आणि शरीराइतक्याच, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस तपमानात नळ्या सांभाळावयाच्या. एखादा जंतू आत शिरला, तर कित्येक आठवड्यांची मेहनत एका रात्रीत वाया जाई. परदेशी सामग्री महाग होती आणि वेळेवर मिळण्याची खात्री नव्हती. म्हणून १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी कमलताईंनी जीवशास्त्र व रसायनशास्त्राच्या तरुण सहकाऱ्यांना हाताशी धरून ही पोषक द्रावणे व अनुषंगिक रसायने संस्थेतच तयार करविली. संशोधनाच्या इतिहासात अशा कामाची नोंद क्वचितच ठळकपणे होते. परंतु त्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

संवर्धित पेशींचे मोल किती, हे त्याच सुमारास जगाच्या ध्यानी आले होते. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, अशी शास्त्रज्ञांची तीसएक वर्षे समजूत होती. स्वीडनमध्ये ट्यियो व लेव्हान यांनी काचपात्रात वाढविलेल्या पेशी तपासल्या, तेव्हा ही संख्या ४६ असल्याचे निर्विवाद दिसून आले. ही गोष्ट १९५६ सालची. पुढे १९६० साली रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात ठराविक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड असते, हे अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे उघडकीस आले आणि बोव्हेरी यांच्या तर्कास प्रत्यक्षाचा आधार मिळाला.

कमलताईंच्या संशोधनाचा मोठा भाग स्तनाच्या कर्करोगाविषयी होता. हा रोग कुटुंबात वारशाने येतो, की शरीरातील संप्रेरकांमुळे होतो, की एखाद्या विषाणूमुळे, असा वाद त्या काळी होता. जॉन बिटनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३६ साली एक विलक्षण निरीक्षण नोंदविले होते. ज्या उंदरांच्या वाणात स्तनाचा कर्करोग हमखास होतो, त्या वाणाची पिले जन्मतःच निरोगी वाणाच्या मादीच्या दुधावर वाढविली, तर त्यांच्यात रोगाचे प्रमाण पुष्कळच कमी होते. आईकडून मुलीकडे काहीतरी दुधावाटे जात होते, आणि तो एक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. वारसा केवळ गुणसूत्रांतूनच येतो असे नाही, याचा हा पुरावा होता.

या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी एकसारखा आनुवंशिक ठेवा असलेले उंदीर लागतात. त्यासाठी सख्ख्या भावंडांचे संकर लागोपाठ किमान २० पिढ्या करीत जावे लागतात, तेव्हा कुठे शुद्ध वाण तयार होते. प्रत्येक जोडीची, प्रत्येक पिलाची आणि प्रत्येक गाठीची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी लागते. परळच्या केंद्रात अशी वाणे जोपासण्यात आली. त्यांपैकी एक संस्थेच्या आद्याक्षरांवरून आयसीआरसी याच नावाने ओळखले जाऊ लागले. स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या अभ्यासासाठी कमलताईंनी प्राण्यांतील प्रारूपे विकसित केली. कर्करोगाची प्रवणता, संप्रेरके आणि अर्बुदजनक विषाणू यांचा परस्परसंबंध ओळखणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. उंदरातील हा विषाणू स्वतःचे आनुवंशिक द्रव्य पेशीच्या डीएनएमध्ये घुसवितो. मग पेशी विभागताना आपल्या ठेव्याबरोबर त्या घुसखोराचीही प्रत काढून पुढच्या पेशींना देते. तो नेमका कोणत्या जनुकाशेजारी बसून पेशीला बेफाम करतो, हे अमेरिकेत नुसे व व्हार्मस यांनी १९८२ साली दाखवून दिले.

संस्थेच्या दारात येणाऱ्या रुग्णांकडे पाहून कमलताईंनी आणखी एक विषय हाती घेतला. तोंडाचा कर्करोग हा भारतीयांचा मोठा शत्रू, आणि पान, सुपारी, तंबाखू या नित्याच्या सवयी. तंबाखूविषयी संशय होताच. परंतु विड्यातील सुपारीला समारंभात, पूजेत, पाहुणचारात मानाचे स्थान. तिच्याकडे संशयाने पाहण्यास मन धजावत नसे. कमलताई व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखू यांच्या अर्कांची उंदरांवर व हॅमस्टर नावाच्या प्राण्यांवर चाचणी घेतली. हॅमस्टरच्या गालात अन्न साठविण्याची पिशवी असते. तोंडाच्या आतील त्वचेवर होणारा परिणाम तीत पाहता येतो. या प्रयोगांचे निष्कर्ष १९७६ आणि १९७९ साली कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकटी तंबाखूच दोषी नसून सुपारीही निर्दोष नसावी, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पुढे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगजनक ठरविले. आजही नाक्यानाक्यावर सुपारीच्या पुड्यांच्या माळा लटकताना दिसतात, तेव्हा त्या प्रयोगांची आठवण अधिकच बोचते.

कुष्ठरोगाच्या क्षेत्रातही या प्रयोगशाळेने मोलाची भर घातली. कुष्ठरोगाचा जंतू शरीराबाहेर वाढविणे ही जगभरच्या शास्त्रज्ञांपुढील अवघड समस्या होती. डॉ. बापट, डॉ. रणदिवे व डॉ. खानोलकर यांनी १९५८ साली कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळविलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढविल्याचे जाहीर केले. आयसीआरसी जंतू म्हणून तो ओळखला जाऊ लागला आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगावरील लस विकसित करण्याचे काम याच संस्थेत झाले. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार आणि वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना १९६४ साली मिळाले.

१९६६ साली रुग्णालय आणि संशोधन केंद्र टाटा स्मारक केंद्राच्या छत्राखाली एकत्र आले. त्याच वर्षापासून १९७० पर्यंत संशोधन संस्थेच्या संचालकपदाची धुरा कमलताईंनी हंगामी स्वरूपात सांभाळली. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे नवे विभाग त्यांनी सुरू केले. परदेशात शिकलेल्या भारतीय संशोधकांनी मायदेशी परतावे, असा त्यांचा आग्रह असे आणि अनेकांना त्यांनी संस्थेत आणले.

तथापि प्रयोगशाळा चालवीत असताना एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. विज्ञान शिकणाऱ्या मुलींची संख्या वाढत होती. संशोधनात टिकून राहणाऱ्या स्त्रियांची मात्र त्या प्रमाणात वाढत नव्हती. बाळंतपण, बदली, घरातील आजारपण, मूल सांभाळण्याची अडचण अशा कारणांनी वर्षानुवर्षांचे शिक्षण घेतलेली स्त्री प्रयोगशाळेतून बाहेर पडे. ज्या कामात हाताचे कसब एका व्यक्तीने दुसरीला शेजारी उभे राहूनच शिकवावे लागते, तेथे एक व्यक्ती गेली की तिच्यामागून येणाऱ्या कितीतरी जणींचे शिक्षणही खुंटते. कमलताईंना स्वतःला वडिलांचा पाठिंबा, पतीचे साहाय्य आणि खानोलकरांसारखे मार्गदर्शक लाभले होते. असे भाग्य प्रत्येकीच्या वाट्याला येईल, यावर विसंबणे योग्य नव्हते.

मुंबईतील महिला शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन १९७३ साली इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनची स्थापना केली. तिच्या संस्थापकांमध्ये कमलताई अग्रभागी होत्या. व्याख्याने आणि परिषदा भरविणे एवढ्यापुरते संघटनेने स्वतःला मर्यादित ठेवले नाही. पुढे वाशी येथे वास्तू उभी राहिली, तेव्हा तीत नोकरदार महिलांसाठी वसतिगृह, मुलांसाठी पाळणाघर आणि आरोग्य केंद्र यांना स्थान मिळाले. शास्त्रज्ञांच्या संघटनेने पाळणाघर चालवावे, याचे प्रथमदर्शनी नवल वाटेल. परंतु स्त्रीचे संशोधन बहुधा बुद्धी कमी पडल्याने थांबत नाही. दुपारी मुलाजवळ कोण थांबणार, या प्रश्नाने थांबते. तो प्रश्न सोडविणे हेही विज्ञानाचेच काम आहे, ही त्यामागील दृष्टी होती.

निवृत्तीनंतर कमलताईंनी विश्रांती घेतली नाही. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या स्वयंसेवी संस्थेच्या सोबतीने त्यांनी आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला. ग्रामीण व आदिवासी स्त्रियांना आरोग्य आणि आहार यांविषयी प्रशिक्षण देण्याचे कार्यही महिला शास्त्रज्ञांच्या संघटनेमार्फत झाले. आयुष्यभर प्रयोगशाळेच्या बंद खोलीत पेशी जोपासलेल्या या विदुषीने उतारवयात डोंगराळ पाड्यांची वाट धरली. पेशीच्या गाभ्यात कितीही उत्तम ठेवा असला, तरी आईला आणि बाळाला पोटभर अन्न मिळाले नाही तर तो ठेवा फुलू शकत नाही, याची जाणीव एखाद्या जीवशास्त्रज्ञाला अधिक तीव्रतेने व्हावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. वैद्यकीय क्षेत्रातील त्यांच्या कार्याचा गौरव म्हणून भारत सरकारने १९८२ साली त्यांना पद्मभूषण किताबाने सन्मानित केले.

डॉ. कमल रणदिवे यांचे ११ एप्रिल २००१ रोजी निधन झाले. त्यांच्या विषयाच्या दृष्टीने ते वर्ष महत्त्वाचे ठरले. मानवाच्या संपूर्ण जनुकसंचाचा पहिला आराखडा त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. आणि ऑक्टोबरात, पेशी कधी विभागावी व कधी थांबावी हे ठरविणारे नियंत्रक शोधल्याबद्दल हार्टवेल, हंट व नर्स या तीन शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पुण्यात कळ्यांतील गुणसूत्रे मोजणाऱ्या तरुणीने ज्या प्रश्नापाशी सुरुवात केली होती, त्याची उत्तरे आता एकेक करून हाती येत होती. तिने प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींसारख्याच पेशींवर त्या उत्तरांचा उपयोग करून नवी औषधे शोधली जाऊ लागली.

त्यानंतर लवकरच परळच्या कर्करोग संशोधन संस्थेचे खारघरला स्थलांतर झाले आणि ती अ‍ॅक्ट्रेकचा भाग बनली. तेथील संशोधन इमारतीस खानोलकर शोधिका असे नाव आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, कमलताईंच्या १०४ व्या जयंतीला, गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले, तेव्हा अनेकांना हे नाव प्रथमच कळले. वाशी आणि खारघर येथील रहिवाशांच्या दृष्टीने मात्र ते नाव दूरच्या इतिहासातले नाही. खारघरच्या प्रयोगशाळांत आजही पेशी ३७ अंशांच्या उबेत वाढविल्या जातात, ठराविक दिवसांनी नव्या पात्रांत वाटल्या जातात आणि ते कसब ज्येष्ठ संशोधिका शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला शिकविते. तिच्या वयाच्या एखाद्या तरुणीसाठी वाशीच्या वसतिगृहात राहण्याची सोय आहे, आणि उद्या मूल झाले तर त्याला सांभाळणारे पाळणाघरही आहे. डॉ. रणदिवे यांनी मागे ठेवलेला वारसा तो हाच.